खांद्याची रेषा आणि तुटक शिट्टी : खो-खोतला ‘ऑफसाइड’ पंच कसा पाहतो

सूर मारलेला आक्रमक जमिनीवर आडवा पडलेला असतो. त्याचा तळहात संरक्षकाला लागल्याचे मैदानाभोवतीच्या सर्वांनी पाहिलेले असते. संरक्षकही मान खाली घालून बाहेर निघालेला असतो. नेमक्या त्या वेळी पंचाची शिट्टी एकदाच ठामपणे न वाजता तुटक तुटक वाजू लागते. गडी बाद नाही. संरक्षक पुन्हा पळू लागतो, आक्रमक हात पसरून कारण विचारतो आणि घड्याळ कोणासाठीही थांबत नाही.

गोव्यातील वाचकाला हा अनुभव दुसऱ्या एका मैदानावरून परिचित आहे. चेंडू जाळ्यात जातो, फातोर्ड्याचे सज्जे उसळतात आणि कडेच्या रेषेवर सहायक पंचाचा ध्वज वर गेलेला दिसतो. ऑफसाइड ठरलेल्या खेळाडूने कोणाला ढकललेले नसते, चेंडूला हात लावलेला नसतो. तो केवळ एका विशिष्ट क्षणी नको त्या जागी असतो. खो-खोत ज्याची शिट्टी वाजते त्या आक्रमकानेही धसमुसळेपणा केलेला नसतो. त्याची दिशा चुकलेली असते. दोन्ही खेळांत सर्वांत जास्त वाद याच नियमांवरून होतात, कारण ते कृतीविषयी नसून शरीराच्या स्थितीविषयी आहेत, आणि स्थिती क्षणात बदलते.

फुटबॉलच्या नियमावर गोव्यात चहाच्या टपरीपासून वृत्तपत्रांच्या स्तंभांपर्यंत भरपूर चर्चा होते. खो-खोचा दिशेचा नियम मात्र शाळेत पाठ करून सोडून दिला जातो. तो नीट समजला नाही तर हा खेळ म्हणजे रांगेत बसलेल्या मुलांमधून चाललेली पकडापकडी वाटते.

नियम असा आहे. मैदानाच्या मध्यभागी दोन खांबांना जोडणारी मध्यपाटी असते. तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या असतात आणि त्या छेदांवर आठ आक्रमक आळीपाळीने विरुद्ध बाजूंना तोंड करून बसतात. नववा आक्रमक पाठलाग करतो. संरक्षक तिघांच्या तुकडीने मैदानात येतात आणि त्यांना पूर्ण स्वातंत्र्य असते : बसलेल्यांच्या मधून ते मध्यपाटी हवी तितक्या वेळा ओलांडू शकतात, मागे वळू शकतात, थबकू शकतात. आक्रमकाला यांपैकी काहीही करता येत नाही. त्याने मध्यपाटी ओलांडायची नाही. एकदा एका खांबाच्या दिशेने निघाला की त्याच दिशेने जायचे; तोंड फिरवायचे नाही, तुडवलेल्या जमिनीवर मागे पाऊल टाकायचे नाही. दिशा बदलायची असेल तर खांबापलीकडचे मुक्त क्षेत्र गाठायचे, नाहीतर बसलेल्या सोबत्याला पाठीमागून स्पर्श करून ‘खो’ द्यायचा आणि त्याच्या जागी स्वतः बसायचे.

खेळाचा सारा डौल या बंधनातून येतो. दिशेचे बंधन काढून टाकले तर संघातला सर्वांत वेगवान गडी एकटाच सगळ्यांना पकडील आणि उरलेले आठ जण बसून राहतील. ऑफसाइडचे बंधन काढले तर एखादा आघाडीपटू प्रतिस्पर्धी गोलरक्षकाच्या शेजारी ठाण मांडून लांब चेंडूची वाट पाहत राहील. एका खेळात या बंधनामुळे ‘पास’ आवश्यक ठरतो, दुसऱ्यात ‘खो’.

दांडिया बाजारातून

बडोद्यात सूरसागर तलावाजवळ दांडिया बाजार नावाचा भाग आहे. गायकवाडी काळापासून मराठी कुटुंबांची वस्ती असलेला हा परिसर. श्रीअरविंद बडोद्यात नोकरीला असताना जेथे राहत ते घर, आजचे अरविंद निवास, याच भागात आहे. राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांचे जुम्मादादा व्यायाम मंदिरही येथलेच. आपले गुरू जुम्मादादा यांच्या नावाने माणिकरावांनी वाढवलेल्या या आखाड्यात मल्लखांब, कुस्ती, लाठी हे सारे होते. पण माणिकरावांचे वेगळेपण आणखी एका गोष्टीत होते. इंग्रजी हुकुमांवर चालणाऱ्या कवायतीच्या जागी त्यांनी देशी भाषेतील आज्ञांवर चालणारा सांघिक व्यायाम रुजवला. शंभर मुलांनी एकाच वेळी एकच हालचाल करायची असेल तर त्या हालचालीला नेमका शब्द लागतो. उस्तादाच्या हाताखाली एकेकाने शिकलेली विद्या अशा प्रकारे शब्दांत बांधली जाऊ लागली.

सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात हे काम अनेक अंगांनी चालले होते. द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेला व्यायाम ज्ञानकोश दहा खंडांत येथूनच निघाला. मराठी भाषेत शरीराच्या हालचालींचे इतके तपशीलवार वर्णन क्वचितच दुसरीकडे सापडेल. खेळांच्या नियमांचेही तसेच झाले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम बांधण्यास आरंभ केला. पुढे बडोद्यात हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतूतूचे नियम छापून अखिल भारतीय पातळीवरची स्पर्धा भरवली, आणि १९२४ मध्ये बडोद्याकडूनही खो-खोचे नियम प्रसिद्ध झाले. १९२८ साली स्थापन झालेल्या अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नंतर या वेगवेगळ्या पाठांना एकसूत्रात आणले.

त्या काळात मैदानाचा आकारसुद्धा ठरलेला नव्हता. काही ठिकाणी ते अंडाकृती होते. गावोगावच्या पोरांनी खेळलेल्या खेळाला मापे नसतात, वाद होतात आणि वाद आवाजाने मिटतात. दोन शहरांचे संघ समोरासमोर आले की ही सोय संपते. ‘मागे वळलास’ असे पुण्याच्या खेळाडूने म्हटले आणि ‘नाही वळलो’ असे बडोद्याच्या खेळाडूने म्हटले, तर निकाल कोणी आणि कशावरून द्यायचा? मागे वळणे म्हणजे नक्की काय, हे लिहावे लागते. तोंड वळणे, मान वळणे, पाऊल वळणे, कंबर वळणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि पळणाऱ्या माणसात त्या चारही एकाच वेळी घडत असतात.

हा खेळ बडोद्यात केवळ कागदावर राहिला नाही. खो-खोतील पहिला अर्जुन पुरस्कार १९७० साली मिळाला तो बडोद्याच्या सुधीर परब यांना. आडनाव गोव्याच्या कानाला घरचे वाटेल. पुढच्या वर्षीचा अर्जुन पुरस्कारही गुजरातच्याच अचला देवरे यांना मिळाला. खो-खो हा केवळ महाराष्ट्राचा खेळ, असे मानणाऱ्यांनी ही दोन नावे ध्यानात ठेवावीत.

काटकोनाचा हिशेब

‘मागे वळणे’ म्हणजे काय, याचे आजच्या नियमपुस्तकातील उत्तर मोठे मार्मिक आहे. त्यासाठी खांद्याची रेषा ही कल्पना योजली आहे. दोन्ही खांद्यांना जोडणारी एक काल्पनिक रेषा धरायची. आक्रमकाने घेतलेल्या दिशेच्या संदर्भात ही रेषा काटकोनापेक्षा जास्त फिरली तर त्याने तोंड फिरवले असे समजायचे आणि नियमभंग द्यायचा. मान कितीही वळो, डोळे कुठेही असोत, पंचाला त्यांच्याशी कर्तव्य नाही.

खांदेच का? मान वळवून मागे पाहण्याने कोणी संरक्षकाला पकडू शकत नाही. ते केवळ पाहणे आहे. पाऊल तर पळताना वाकडेतिकडे पडतच असते. धड मात्र वळले की माणूस खऱ्या अर्थाने वळतो, आणि धड किती वळले हे खांद्यांवरून सर्वांत स्पष्ट दिसते. नियमाला डोळ्याने पाहता येईल अशी जागा हवी होती आणि ती शरीरावरच शोधली गेली.

काटकोन मात्र कोणत्याही पंचाजवळ मोजण्याचे साधन नसते. तो कसा पाहायचा? याचे उत्तर पंचाच्या उभे राहण्याच्या जागेत आहे. खो-खोत दोन पंच असतात. मध्यपाटीने मैदानाचे दोन भाग होतात आणि प्रत्येक पंच आपल्या भागाच्या बाहेर, बाजूच्या रेषेलगतच्या पट्टीत राहून निर्णय देतो. आक्रमक एका खांबाकडून दुसऱ्याकडे सरळ धावत असेल तर या पंचाला त्याची एकच बाजू दिसते : एक खांदा, एक कान. आक्रमक जसजसा वळू लागतो तसतशी त्याची छाती किंवा पाठ पंचाला अधिकाधिक दिसू लागते. दोन्ही खांदे सारख्याच अंतरावर आले, छाती किंवा पाठ पुरती समोर आली, की काटकोन भरला. येथपर्यंत सारे क्षम्य आहे. त्यापुढे, आघाडीचा खांदा ज्या खांबाकडून निघाला त्या खांबाच्या दिशेने सरकू लागला की शिट्टी. पंचाने आक्रमकाच्या बरोबरीने धावत राहायचे ते यासाठी. तो दोन पाट्या मागे राहिला तर त्याला दिसणारी छाती ही काटकोनाची नसते, त्याच्या स्वतःच्या कोनाची असते.

फुटबॉलमधील सहायक पंचाची अडचण अगदी हीच आहे. तो शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत नसेल तर त्याला दिसणारी आघाडीपटूची जागा ही त्याच्या दृष्टिकोनाची करामत असते. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात हेच दाखवून दिले होते. ध्वजाच्या चुका सहायक पंचाच्या पक्षपातातून नव्हे, तर बऱ्याच अंशी तो जिथे उभा असतो तेथून होणाऱ्या दृष्टिभ्रमातून घडतात. प्रेक्षकांनी दिलेल्या शिव्या त्या काळात मागे घेतल्या गेल्या असे मात्र ऐकिवात नाही.

नियमातील ‘जास्त’ या शब्दाकडेही लक्ष द्यायला हवे. काटकोनापेक्षा जास्त फिरल्यास नियमभंग. बरोबर काटकोन असेल तर नाही. म्हणजे संशयाचा फायदा आक्रमकाला. फुटबॉलला या निष्कर्षापर्यंत यायला बराच काळ लागला. १८६३ च्या पहिल्या नियमांत चेंडूच्या पुढे असलेला प्रत्येक सहकारी बाद होता. १८६६ मध्ये आघाडीपटू आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीन प्रतिस्पर्धी असावेत असे ठरले, १९२५ मध्ये तिघांचे दोन झाले, आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या समरेषेत असलेला खेळाडू ऑफसाइड नाही हे स्पष्ट व्हायला १९९० साल उजाडले.

अंगाचा कोणता भाग मोजायचा, हा प्रश्नही दोन्हीकडे आहे. ऑफसाइडमध्ये डोके, धड आणि पाय यांचा विचार होतो, हात आणि बाहू सोडून दिले जातात. बाहूची वरची सीमा काखेच्या खालच्या टोकाशी धरली आहे. कारण सरळ आहे : ज्या अवयवाने गोल करता येत नाही तो पुढे असल्याने काय बिघडते? खो-खोत याच्या उलट गंमत आहे. गडी बाद होतो तो तळहाताच्या स्पर्शाने, परंतु नियमभंग मोजला जातो खांद्यावरून. त्यामुळे आक्रमक हात मागे लांबवू शकतो. खांदे काटकोनाच्या आत ठेवून मागे निसटणाऱ्या संरक्षकाच्या पाठीला बोटे टेकवणे ही अव्वल आक्रमकाची खासियत, आणि तीच पंचाची कसोटी. हात मागे गेला की प्रेक्षक ओरडतो, ‘वळला!’ पंचाने हाताकडे पाहायचेच नसते. स्पर्श झाला का, एवढ्यापुरता हात. बाकी वेळ खांदे.

एक क्षण, दोन ठिकाणे

सर्वांत कठीण निर्णय वेळेचा असतो. समजा, आक्रमक उजव्या खांबाकडे धावत आहे आणि संरक्षक त्याच्या पुढे अर्ध्या हातावर आहे. संरक्षक अचानक थबकून खाली वाकतो आणि आक्रमकाच्या मागच्या बाजूला निसटतो. आक्रमकाचा वेग त्याला पुढे नेतो, पण हात मागे झेपावतो, हातामागोमाग खांदा, खांद्यामागोमाग कंबर. याच वळणात कुठेतरी तळहात संरक्षकाला लागतो. काटकोन ओलांडण्यापूर्वी लागला असेल तर गडी बाद आणि त्यानंतर शरीर कितीही वळले तरी बाद झालेला गडी बादच. नंतर लागला असेल तर नियमभंग. दोहोंमधले अंतर पापणी लवण्याइतके असते. पंचाला बोटे आणि खांदे या दोन जागा एकाच नजरेत धराव्या लागतात आणि कोणती घटना आधी घडली हे सांगावे लागते.

ऑफसाइडमध्येही निर्णयाचा क्षण चेंडू पोचण्याचा नसतो. सहकाऱ्याच्या पायाचा चेंडूला स्पर्श होतो तो असतो. सहायक पंचाला तीस-चाळीस मीटरवरील पाय आणि समोरची रेषा दोन्ही पाहायचे असतात. खो-खोत अंतर कमी असले तरी कामात एक भर आहे : येथे ऐकावेही लागते. ‘खो’ हा शब्द आणि पाठीला झालेला हाताचा स्पर्श एकत्र यावे लागतात. स्पर्श झाला पण शब्द उशिरा आला, किंवा शब्द आला आणि बसलेला खेळाडू स्पर्शाआधीच उठला, तरी नियमभंग होतो. शिवाय खो देणाऱ्याचा त्या आडव्या पाटीशी असलेला संबंध सुटल्यावर मागे येऊन खो देता येत नाही. सोबत्याला ओलांडून पुढे गेलेल्या आक्रमकाने मागे हात टाकून दिलेला ‘खो’ हे शालेय स्पर्धांमधील रोजचे दृश्य आहे. एकाच वेळी पाऊल, हात, आवाज आणि उठणारा गुडघा यांची संगती लावायची, तीही भर्रकन निघून जाणाऱ्या खेळात.

उठल्यानंतरची पहिली हालचालही फसवी. खो मिळालेला खेळाडू ज्या बाजूला तोंड करून बसला असेल त्या बाजूच्या अर्ध्या मैदानात उठतो. तेथून डावीकडे जायचे की उजवीकडे हे त्याने ठरवायचे असते. खांद्याची रेषा ज्या बाजूला वळली ती दिशा त्याने घेतली. चतुर संरक्षक नेमकी येथेच हुलकावणी देतो. डावीकडे झुकल्याचे भासवून तो उजवीकडे उसळतो. आक्रमकाचे खांदे फसून डावीकडे फिरलेले असतात. आता तो उजवीकडे गेला तर नियमभंग. हुलकावणी यशस्वी झाली की नाही याचा निकाल संरक्षक देत नाही, पंचाची शिट्टी देते. पंच ढिला असला तर संरक्षकाचे कसब वाया जाते, अतिकडक असला तर आक्रमकाच्या प्रत्येक तोल सावरण्याला दिशेचे नाव मिळते.

खांबाजवळचा भाग वेगळाच. खांबापलीकडच्या मुक्त क्षेत्रात दिशेचे बंधन उरत नाही. आक्रमक तेथे हवा तसा वळू शकतो आणि खांबाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला येऊ शकतो. म्हणून सारी धडपड त्या रेषेभोवती होते. आक्रमक खांबाला धरून अंग झोकून देतो तेव्हा त्याचे पाय कोठे आहेत, रेषा त्याने गाठली आहे काय, यावर काटकोनाचा नियम लागू आहे की संपला आहे हे ठरते. प्रेक्षक झेप पाहतात, पंच जमिनीकडे पाहतो.

दोन्ही नियमांत एक मोठा फरक मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. फुटबॉलमध्ये ऑफसाइडच्या जागेत असणे हा स्वतः गुन्हा नाही. त्या खेळाडूने चेंडू खेळला, प्रतिस्पर्ध्याला अडथळा केला किंवा त्या जागेचा लाभ उठवला तरच ध्वज वर जायला हवा. म्हणूनच सहायक पंच हल्ली थांबून, वाट पाहून निर्णय देताना दिसतात. खो-खोत अशी सवलत नाही. जवळपास एकही संरक्षक नसताना आक्रमक वळला तरी तो नियमभंगच. हेतू विचारला जात नाही, लाभ मोजला जात नाही. हा कडकपणा अन्यायकारक वाटू शकतो, पण त्यामागे खेळाची घडण आहे. ऑफसाइडला फ्री किक मिळते, खेळ थांबतो. खो-खोत खेळ थांबतच नाही. नियमभंगाची शिक्षा एवढीच, की पळती ज्या दिशेने चालली आहे तिच्या उलट दिशेला आक्रमकाने जायचे. पंच तुटक शिट्ट्या वाजवत राहतो आणि आक्रमक ती दिशा घेईपर्यंत कोणी बाद झाला तरी तो बाद धरला जात नाही. दिशेच्या अपराधाला दिशेचीच शिक्षा. यात पंचाने दोन क्षण विचार केला तर तेवढ्यात दोन खो होऊन जातात आणि कोणता स्पर्श ग्राह्य, कोणता नाही, याचा गुंता कोणालाच सोडवता येत नाही. म्हणून उशिरा दिलेला योग्य निर्णयही येथे जवळजवळ चुकीचा ठरतो.

हुकलेल्या एका गड्याची किंमत किती, हे प्रेक्षकाला चटकन जाणवत नाही. धावफलकावर तो एक गुण असतो. पण चांगला संरक्षक दीड-दोन मिनिटे टिकतो आणि डाव मोजक्या मिनिटांचा असतो. बाद झालेला गडी शिट्टीमुळे परत पळू लागला तर आक्रमकांची साखळी मोडते, दमलेले पाय पुन्हा उलट्या दिशेला न्यावे लागतात, आणि त्या संरक्षकाला हवा असलेला श्वास मिळतो. सामने एका गुणाने किंवा काही सेकंदांनी सुटतात ते यामुळे. दोन पंचांमध्ये मतभेद झाला तर सरपंच निर्णय देतो. गोव्यात ‘सरपंच’ म्हटल्यावर पंचायतघर डोळ्यांसमोर येते. खो-खोतल्या सरपंचाला मात्र ग्रामसभा बोलावण्याइतकी उसंत नसते.

कॅमेरा आणि डोळा

फुटबॉलने आपल्या शंकेचे काम यंत्राकडे सोपवले आहे. २०१८ च्या विश्वचषकात चित्रफितीच्या साहाय्याने निर्णय तपासणारे पंच आले, २०२२ मध्ये कतारमध्ये अर्धस्वयंचलित ऑफसाइड यंत्रणा आली. त्याच वर्षी भारतात झालेल्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात ही चित्रफीत-तपासणी वापरली गेली; त्या स्पर्धेचे काही सामने फातोर्ड्याला झाले. खेळाडूच्या शरीरावरचे बिंदू टिपून यंत्र रेषा आखते. तरी वाद संपलेले नाहीत. आता ते पायाच्या अंगठ्यावरून आणि खांद्याच्या टोकावरून होतात आणि गोलचा आनंद दोन मिनिटे अडकून राहतो.

खो-खोला असे यंत्र बसवणे तत्त्वतः अवघड नाही. खांद्याची रेषा ही जणू यंत्रासाठीच केलेली व्याख्या आहे : दोन बिंदू आणि त्यांना जोडणारी रेषा. कागदावर काटकोन मोजायला संगणकाला श्रम पडणार नाहीत. अडचण ही की फुटबॉल तपासणीसाठी थांबवता येतो. खो-खो थांबवला तर पळणाऱ्याला विश्रांती मिळते आणि पाठलागाचा अर्थच बदलतो. चालू डावात निर्णय उलटवायचा असेल तर त्यानंतर झालेल्या चार खोंचे काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर कॅमेऱ्याकडे नाही, ते नियम करणाऱ्यांनाच द्यावे लागेल.

हा प्रश्न आता पुढे ढकलता येण्याजोगा राहिलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. २३ देशांतून पुरुषांचे २० आणि महिलांचे १९ संघ आले. दोन्ही अंतिम सामन्यांत भारताने नेपाळला हरवले : पुरुषांनी ५४-३६, महिलांनी ७८-४०. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. या स्पर्धेत एका गड्याला एकाहून अधिक गुण होते, डाव लहान होते, पण पाठलागाचा पाया तोच होता. ज्यांनी लहानपणी अंगणात ‘खो’ ऐकलेला नाही अशा खेळाडूंना दिशेचा नियम पुस्तकातून शिकावा लागतो, आणि त्यांच्या देशांतून पुढे येणाऱ्या पंचांनाही. पुणे, बडोदा, सांगली येथील पंचाला काटकोन डोळ्यांत भिनलेला असतो. तो का दिला हे त्याला विचारले तर कदाचित सांगता येणार नाही, पण चुकणार नाही. परदेशातील नव्या पंचाला तो सांगूनच शिकवावा लागणार.

गोव्यात २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांमध्ये खो-खोचे सामने झाले तेव्हा अनेकांनी हा खेळ शाळा सोडल्यानंतर प्रथमच पाहिला. यापुढे पाहायचा योग आला तर एक प्रयोग करता येईल. आक्रमकाच्या हाताकडे आणि संरक्षकाच्या पायांकडे पाहायचे सोडून, बाजूच्या रेषेजवळ बसून, काही वेळ फक्त आक्रमकाच्या खांद्यांकडे पाहावे. पहिली पाच मिनिटे सारे खांदे सारखेच दिसतात. मग एखाद्या सुरात आघाडीचा खांदा किंचित पलीकडे सरकलेला दिसतो, आणि तो दिसेपर्यंत पंचाच्या तुटक शिट्ट्या सुरूही झालेल्या असतात.